भिंतीवरचं चित्र भारी, तरी फोटो रिजेक्ट का होतो?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित भाग. अडखळणं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. त्याने स्ट्रीट आर्टच्या एका साइटला फोटो पाठवला. चित्र जबरदस्त होतं, तरी घेतला नाही आणि कारणही कळवलं नाही. त्याचा प्रश्न असा, की हे लोक निवडतात तरी कसं?

आधी थोडा इतिहास बघू. १९९४ मध्ये अमेरिकेत, अटलांटामध्ये, सुझन फॅरेल यांनी ‘आर्ट क्राइम्स’ ही साइट सुरू केली. ग्राफिटीला वाहिलेली वेबवरची पहिली साइट म्हणून ती ओळखली जाते. सुरुवातीचे फोटो अटलांटा आणि प्राग इथले होते, मग जगभरातून यायला लागले. तेव्हा फोटो पाठवायचा म्हणजे रोल धुवा, प्रिंट काढा, ती स्कॅन करा आणि डायल-अपवरून रडतखडत अपलोड करा. एवढा खटाटोप करणारा माणूस चांगलाच फोटो निवडून पाठवायचा. आता हे दहा सेकंदांचं काम झालंय. म्हणजे चाळणी पाठवणाऱ्याच्या हातातून निवडणाऱ्याच्या हातात गेली. आणि निवडणारे बहुतेकदा स्वयंसेवक असतात. दिवसा नोकरी, रात्री इनबॉक्स.

आता एकेक चाळणी बघू.

चाळणी पहिली: हे नक्की काय आहे?

आपण सगळ्याला सरसकट ‘ग्राफिटी’ म्हणतो, पण त्यात प्रकार आहेत. टॅग म्हणजे नुसती सही, मार्कर किंवा स्प्रेने केलेली. थ्रो-अप म्हणजे फुगीर अक्षरं, एक-दोन रंगांत, काही मिनिटांत उरकलेली. पीस म्हणजे ‘मास्टरपीस’चं लघुरूप: अनेक रंग, छाया, पार्श्वभूमी, निवांत केलेलं काम. त्यातली वाइल्डस्टाइल म्हणजे अक्षरं एकमेकांत इतकी गुंतवलेली की बाहेरच्याला वाचताच येत नाहीत. म्युरल वेगळं, ते सहसा परवानगीने आणि अक्षरांपेक्षा चित्रावर भर देऊन केलेलं.

प्रत्येक साइटचं कुंपण वेगळं असतं. आर्ट क्राइम्सचा भर पीसवर आहे. अक्षरांवर जीव असलेल्या साइटला तुम्ही महापालिकेने रंगवून घेतलेलं ‘स्वच्छ शहर’ पाठवलंत, तर ते बसणार नाही. म्युरलच्या साइटला टॅग पाठवलात तरी तेच. तेव्हा नकार आला म्हणजे चित्र वाईट असं नाही, पत्ता चुकला एवढंच.

चाळणी दुसरी: फोटोत चित्र पूर्ण आहे का?

आपण काय करतो? तिरपं उभं राहतो, समोर मित्राला उभं करतो, वर फिल्टर टाकतो. इन्स्टावर ते मस्त दिसतं. पण निवडणाऱ्याला हवं असतं समोरून, चारही कडा दिसतील असं, खऱ्या रंगातलं चित्र. कारण साधं आहे. भिंत टिकत नाही. एक-दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात, कुणी वरून निवडणुकीची जाहिरात रंगवतो, इमारत रिडेव्हलपमेंटला जाते. त्यानंतर तो फोटो हेच चित्र उरतं. त्यात खालचा कोपरा बाइकमागे लपला असेल, तर तो कायमचा गेला.

चाळणी तिसरी: कुणाचं, कुठलं, कधीचं?

इथे दोन माणसांचं श्रेय असतं, चित्र काढणाऱ्याचं आणि फोटो काढणाऱ्याचं. पाठवणारे बरेचदा स्वतःचं नाव लिहितात आणि कलाकाराचं विसरतात. माहीत नसेल तर ‘अज्ञात’ लिहिलेलं चालतं. चुकीचं नाव चालत नाही, कारण ते पुढे कॉपी होत राहतं आणि एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

आणखी एक, खास आपल्यासाठी. अक्षरं देवनागरीत असतील आणि निवडणारा बर्लिनमध्ये बसला असेल, तर त्याला ती फक्त आकृती दिसते. तिथे काय लिहिलंय, त्यात काय खोच आहे, हे दोन ओळींत तुम्ही सांगितलं नाही तर त्याला कळायचा काही मार्गच नाही.

चाळणी चौथी: फोटो कुणाला अडचणीत आणेल का?

हा माझ्या कामाचा विषय, म्हणून जरा थांबतो. फोनमधल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीही साठवलेली असते: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. याला एक्झिफ डेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते.

परवानगीशिवाय काढलेल्या चित्राचा, त्याच रात्रीचा, नेमक्या जागेचा फोटो म्हणजे कलाकाराविरुद्धचा आयता पुरावाच. शिवाय फ्रेममध्ये कुणाचा चेहरा, गाडीचा नंबर असेल तर बघायलाच नको. माझं मत असं: बिनपरवानगी कामाला फक्त शहर आणि वर्ष द्यावं. परवानगीच्या भिंतीला नेमका पत्ता द्यावा, म्हणजे लोक जाऊन बघतील.

चाळणी पाचवी: कायदा

रस्त्यावर आहे म्हणजे सगळ्यांचं, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला सूट आहे. भिंतीवरच्या चित्राला ती सूट नाही. म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर, जिथे फोटो कुणालाही कशासाठीही वापरता आला पाहिजे असा नियम आहे, तिथले स्वयंसेवक भारतातल्या नव्या म्युरल्सचे फोटो काढून टाकतात. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावर कायमस्वरूपी असलेल्या चित्रालाही सूट आहे, म्हणून तिथला तसाच फोटो राहू शकतो. चित्र तितकंच सुंदर, कायदा वेगळा.

हे नुसतं कागदावरचं नाही. मुंबईतलं एक म्युरल एका विमा कंपनीने जाहिरातीच्या होर्डिंगमध्ये वापरलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ते होर्डिंग आणि सोशल मीडियावरच्या पोस्ट काढायला लावल्या.

एवढं सगळं कशासाठी?

याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये आहे. क्वीन्समधल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाने ग्राफिटीला मोकळ्या केल्या होत्या. २००२ पासून जोनाथन कोहेन, म्हणजे ‘मेरेस वन’, तिथे कुणी काय रंगवायचं हे ठरवायचे. आधीचं काम बघायचे, मग भिंत द्यायचे. काही भिंतींवर चित्रं सतत बदलायची, काहींवर निवडक कामं बराच काळ राहायची. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली.

कलाकार कोर्टात गेले. अमेरिकेतल्या १९९० च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेलं चित्र असं नष्ट करता येत नाही. पण रंग फासून गेलेल्या चित्राला ‘मान्यता’ होती हे सिद्ध कसं करायचं? तिथे दोन गोष्टी कामी आल्या: चित्रांची नोंद आणि कोहेन यांची निवड. जाणकाराने पारखून त्या भिंतीवर जागा दिली होती, याला न्यायालयाने वजन दिलं. २०१८ मध्ये ४९ पैकी ४५ चित्रांसाठी २१ कलाकारांना मिळून ६७.५ लाख डॉलर मंजूर झाले आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

म्हणजे बघा, कुणीतरी चिकाटीने ‘हे घ्या, हे नको’ करत बसलं होतं, नोंद ठेवत होतं, म्हणून भिंत गेल्यावरही कलाकारांच्या हातात काहीतरी उरलं.

या पद्धतीत एक भोकही आहे. निवडणारा जे येतं त्यातूनच निवडतो. वांद्र्याच्या गल्ल्यांचे, २०१७ ला ससून डॉकवर झालेल्या प्रकल्पाचे फोटो ढिगाने निघतात. परभणीच्या किंवा सांगलीच्या भिंतीचा फोटो कुणी पाठवलाच नाही, तर नकाशावर ते शहर कोरंच राहणार. निवड कितीही प्रामाणिक असली तरी हे भोक बुजत नाही. ते पाठवणाऱ्यांनीच बुजवायचं.

तर ज्या श्रोत्याने विचारलं त्याला आणि तुम्हा सगळ्यांना: समोरून एक पूर्ण फोटो काढा, जवळून एक. कलाकाराचं नाव शोधा, शक्य असेल तर त्यालाच विचारा. वर्ष लिहा, अक्षरं असतील तर अर्थ लिहा. गरज असेल तिथे लोकेशन पुसा. पाठवण्याआधी साइटवरची आधीची वीस-पंचवीस चित्रं बघा, तिचा कल लगेच कळतो. आणि उत्तर नाही आलं तर रुसू नका. पलीकडचा माणूस ऑफिसमधून येऊन, जेवून, मग तुमचा मेल उघडतोय.

तुमच्या गावातली कुठली भिंत नोंदवून ठेवण्यासारखी आहे, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!