शेतकरी आणि सार्वजनिक वाचनालय

कोन गांवाहून दुर्गाडीचा पूल ओलांडला कीं कल्याण लागतें. त्या शहरांत सन १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे; ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय सन १८९३ चें. तेव्हां आमच्या भागास वाचनालय ही नवी वस्तु नव्हे. तथापि तेथें पेन्शनर मंडळींनीं वर्तमानपत्र चाळावें आणि मुलांनीं गोष्टींचीं पुस्तकें न्यावीं, शेतकऱ्याचें तेथें काय काम, असा समज आमच्या खातेदार बंधूंत अद्यापि दृढ आहे. तो तोट्याचा आहे.

प्रथम वर्तमानपत्रांचीच गोष्ट घेऊं. भिवंडी तालुक्यांत रस्ते व गुदामें यांच्या पायीं भातखाचरें झपाट्यानें कमी होत आहेत. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घ्यावयाची झाल्यास सन १९५६ च्या कायद्याप्रमाणें राजपत्रांत अधिसूचना निघते व तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो; पैकीं एक लोकभाषेंतील असावें लागतें. हरकत लेखी द्यावयाची, व ती एकवीस दिवसांचे आंत. यांत ध्यानांत ठेवण्याजोगें हें कीं, हे दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजले जातात, वर्तमानपत्राच्या नव्हे. सन २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत हीच मुदत साठ दिवसांची आहे. घरीं एकच पत्र घेणाऱ्याच्या दृष्टीस अशी जाहिरात पडेलच असें नाहीं. वाचनालयांत मात्र अनेक पत्रें येतात आणि मागील अंकही जपून ठेविलेले असतात. राजपत्र आतां संगणकावर पाहतां येतें. जेथें संगणक आहे तेथें ग्रंथपालास तें काढून दाखविण्यास सांगावें. यांत संकोच कसला?

दुसरा उपयोग पिकाचा. भाताचीं पानें करपलीं म्हणजे दुकानदार देईल तें औषध फवारण्याची आपली रीत. परंतु करपा बुरशीनें होतो. त्याचे ठिपके दोन्ही टोकांस निमुळते, डोळ्याच्या आकाराचे व मध्यें राखी असतात. याउलट पान शेंड्याकडून कडेकडेनें वाळत आलें, तर तो बहुधा जिवाणूंचा कडा करपा होय, व त्यावर बुरशीनाशकाचा पैसा व्यर्थ जातो. चित्रांसह हा भेद दाखविणारें पुस्तक वाचनालयांत असल्यास त्याची किंमत एका हंगामांत वसूल होईल. कृषि खात्याचें 'शेतकरी' मासिक, दापोलीच्या कृषि विद्यापीठाचीं प्रकाशनें व कर्जत केंद्राच्या भातजातींची माहिती, इतकें तरी ग्रामीण वाचनालयानें अवश्य ठेवावें. पुष्कळ ठिकाणीं कपाटें कादंबऱ्यांनीं भरलेलीं असतात. पण त्यांत ग्रंथपालाचा दोष थोडा. जें कोणी मागितलेंच नाहीं, तें तो कशास आणील?

खर्चाविषयीं एक शब्द. मद्रास प्रांतानें सन १९४८ च्या कायद्यानें ग्रंथालयासाठीं स्वतंत्र कर बसविला. महाराष्ट्राच्या सन १९६७ च्या कायद्यांत तसा कर नाहीं. मान्यता पावलेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असून त्याप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. सभासदास अनामत व माफक वर्गणी भरून पुस्तक घरीं नेतां येतें.

ज्या गांवीं वाचनालय नाहीं, त्यांनीं बडोद्याकडे पाहावें. सयाजीराव महाराजांनीं सन १९१० मध्यें बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणवून संस्थानभर वाचनालयें उभारिलीं, आणि लहान खेड्यांस पुस्तकांच्या पेट्या पाठविण्याची सोय केली. एका गांवांत वाचून झालें कीं पेटी परत जाई व नवी येई. जवळच्या मोठ्या वाचनालयाशीं बोलणें करून अशी एक पेटी ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या कचेरींत ठेवणें आजही अवघड नाहीं.

अडचण खरी आहे ती वेळेची. सकाळीं दहास उघडून सायंकाळीं पांचास बंद होणारें वाचनालय लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या काय उपयोगाचें? गुरांच्या धारा आटोपल्यावर, दिवेलागणीनंतर दोन तास तें उघडें पाहिजे. ही मागणी वार्षिक सभेंत सभासदानेंच मांडावयाची असते, आणि त्यासाठीं आधीं सभासद व्हावें लागतें.