24 मार्चची सुट्टी

अर्जेंटिनात 24 मार्चला सार्वजनिक सुट्टी असते. 1976 साली याच दिवशी जनरल विदेला आणि त्याच्या साथीदारांनी सत्ता बळकावली. 1983पर्यंत चाललेल्या लष्करी राजवटीत हजारो माणसं घरातून, रस्त्यावरून उचलली गेली आणि परत आलीच नाहीत. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने 8,961 बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना 30,000 हा आकडा धरतात.

अशा माणसांचा स्मृतिदिन कोणता धरायचा? बहुतेकांचा देह सापडला नाही, मृत्यूची तारीखही कळली नाही. म्हणून जिथून हे सगळं सुरू झालं ती तारीख सर्वांसाठी घेतली गेली. मला ही निवड फार योग्य वाटते. शोक करतानाच हे कोणी केलं, याचीही आठवण राहते.

या दिवसाचा कायदा उशिरा आला. आधी आल्या त्या आया. 30 एप्रिल 1977 रोजी बेपत्ता मुलांच्या आया ब्वेनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी होती, पोलीस हटकायचे. तेव्हा त्या चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या आणि दर गुरुवारी चालत राहिल्या. गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधत. सुरुवातीला ते तान्ह्या बाळाच्या लंगोटाचं असे.

2002मध्ये संसदेने 25.633 क्रमांकाचा कायदा करून 24 मार्च हा 'सत्य आणि न्यायासाठी राष्ट्रीय स्मृतिदिन' ठरवला. तेव्हा सुट्टी नव्हती. शाळांच्या वार्षिक वेळापत्रकात या विषयाचे पाठ असावेत, एवढी तरतूद होती, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. उठावाला 30 वर्षं झाली तेव्हा, 2006मध्ये, अध्यक्ष किर्शनर यांच्या काळात दुसऱ्या कायद्याने सुट्टी मिळाली. मानवी हक्क चळवळीतल्याच काहींना ती नको होती. लोक समुद्रावर फिरायला जातील, ही त्यांची भीती रास्तच होती.

आज त्या दिवशी बेपत्तांचे फोटो छापलेलं लांबच लांब कापड खांद्याखांद्यावरून चौकात नेतात. बेपत्तांच्या नावाने पुकारा होतो आणि गर्दी एका सुरात 'हजर!' म्हणते.

खरी गोम मात्र सुट्टीच्या प्रकारात आहे. अर्जेंटिनात काही सुट्ट्या सरकवता येतात: मंगळवार-बुधवारी आल्या तर आधीच्या सोमवारी, गुरुवार-शुक्रवारी आल्या तर पुढच्या सोमवारी. पर्यटनाला लागोपाठ तीन दिवस मिळावेत, हा हेतू. 24 मार्च मात्र न हलणाऱ्या सुट्ट्यांत होता. जानेवारी 2017मध्ये अध्यक्ष माक्री यांच्या सरकारने वटहुकूम काढून तोही सरकवण्याजोगा केला. चौकातल्या आया, मानवी हक्क संघटना सगळ्या भडकल्या, कारण उठावाची तारीख सोमवारच्या सोयीने बदलत नाही. महिना संपायच्या आत सरकारने माघार घेतली. आता 24 मार्च मंगळवारी आला तर सुट्टीही मंगळवारीच.