ट्यूबलेस सायकलचं सीलंट: बाटली विकायची की तारीख?

गॅरेजवरच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. कट्ट्यासारख्या बाजारपेठेत पंक्चरचं दुकान टाकतोय, तर ट्यूबलेस माउंटन बाईकचं काम ठेवू का? माझं म्हणणं, ठेवा. पण कमाई बाटलीत आहे असं समजून बसू नका.

आधी ते पांढरं द्रव काय आहे ते कळू द्या. फणस कापताना हाताला चिकटणारा चीक आठवा. सायकलचं बहुतेक सीलंट त्याच जातीचं. रबराचा चीक, तो बाटलीत गोठू नये म्हणून बऱ्याचदा अमोनिया, आणि भोकात अडकायला बारीक कण. आपल्याच दोडामार्गाकडे रबराच्या झाडाला वाटी बांधून चीक गोळा करतात ना, तोच मूळ माल. काटा घुसला की बाहेर पळणारी हवा द्रवाला भोकात ओढते आणि चीक तिथेच घट्ट होतो. साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजतं. जांभ्याच्या धारेने टायरची बाजू फाटली, तर नाही बुजत. हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगा, नंतर नको.

गिऱ्हाइक कोण? शाळेच्या पोरांच्या सायकलीत ट्यूबच असते. ‘पंक्चर काडून देतस काय?’ विचारत येणारा रोजचा धंदा तोच, तो सोडायचा नाही. पण किनाऱ्याने गोव्याकडे जाणारे सायकलवाले मालवणात थांबतात, आणि तिथून कसालला महामार्गाकडे निघालं की कट्टा वाटेत लागतो. शिवाय कातळावर, पायवाटेवर सायकल मारणारी हौशी मंडळी आहेत. ट्यूब नसली की हवा कमी ठेवता येते, पकड वाढते आणि दगडावर आपटून ट्यूब चिमटायची भीतीच नाही.

काम तसं सोपं आहे. टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेसचे आहेत का, रिमटेप नीट बसलीय का, हे बघा. बाटली जोरात हलवा, कण तळाशी बसतात. व्हॉल्व्हपिन काढून सिरिंजने द्रव सोडा. २९ इंची टायरला ९० ते १२० मिली. मग हवा भरून चाक फिरवा, दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवा. आणि स्कूटरच्या टायरचं द्रव यात ओतू नका, ते बहुतेक वेगळ्या प्रकारचं असतं.

आता हिशोब. समजा लिटरची बाटली १,५०० रुपयांना पडली. एका सायकलला २०० मिली, म्हणजे पाच सायकली आणि प्रत्येकी ३०० रुपये, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात सांडलवंड होते, सिरिंजमध्ये राहतं, एखादा टायर बसतच नाही. चारच सायकली धरा. मग माल ३७५ चा झाला. ३०० धरून दर सांगितलात तर ७५ रुपये तुमच्या मजुरीतून गेले. नव्या दुकानदाराची इथेच गोची होते. त्यात उघडलेली बाटलीही कायम टिकत नाही, म्हणून सुरुवातीला छोटीच घ्या.

आणि खरी गोष्ट: हे द्रव टायरमध्ये सुकतं. दोन ते सहा महिन्यांत, उन्हाळ्यात लवकर. गिऱ्हाइकाला वाटतं एकदा भरलं की झालं, आणि मे महिन्यात काट्याने चाक बसलं की शिव्या तुम्हाला. म्हणून वहीत नाव, फोन, भरल्याची तारीख लिहा. रिमवर छोटी चिकटपट्टी लावून तीच तारीख टाका. तीन महिन्यांनी फोन करा, ‘एकदा तपासून घेऊ या’. व्हॉल्व्हपिन काढायची, बारीक काडी आत घालून ओल बघायची, कमी असेल तेवढंच भरायचं. माल थोडा, वेळ दहा मिनिटं, आणि गिऱ्हाइक पुन्हा दारात.

अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक नावाच्या सायकलवेड्याने २००१ च्या सुमारास हाच धंदा कंपनी काढून मोठा केला. आपल्याला एवढं मोठं व्हायचं नाहीये. पहिल्या बाटलीत चार सायकली पुऱ्या झाल्या, की मगच दुसरी मागवा.