नक्षीच्या पाऊलफरश्या

मी मुलुंडहून बोलते आहे. आमच्याकडे जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं काम सारखं चालू असतं आणि फुटक्या टाइल्सची पोती गेटबाहेर पडलेली असतात. त्याच तुकड्यांपासून आमचा बचत गट बागेतल्या पायवाटेसाठी फरश्या करतो. तुमच्याकडे पावसात दारापासून परसबागेपर्यंत चिखल होतो ना, तिथेही या कामाला येतील.

आधी आमची फजिती सांगते. पहिल्या ऑर्डरच्या वीस फरश्या मे महिन्यात केल्या. नक्षी इतकी छान, की सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्याच दिवशी साच्यातून काढून उन्हात घातल्या, पापड घालतो तशा. गिऱ्हाइकाने पाय ठेवला आणि सात तडकल्या. पैसे परत द्यावे लागले. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी मिळालं तरच घट्ट होतं, हे तेव्हा कळलं.

माप सोपं आहे. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, तीन बारीक खडी. आधी कोरडंच कालवा. मग पाणी, सिमेंटच्या वजनाच्या निम्मं, म्हणजे 10 किलोला 5 लिटर. कालवायला सोपं जावं म्हणून पातळ करायचा मोह होतो. तसं केलं की फरशी कमजोर. खाडीची वाळू नको, तिच्या मिठाने आतली जाळी गंजते. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे हवेतच. टाइल फोडताना वर गोणपाट टाका आणि डोळ्यांना चष्मा लावा.

साचा म्हणजे एक फूट रुंदीचा जुना टब, आतून तेलाचा हात फिरवलेला. एक इंच माल, त्यावर खुराड्याची जाळी, वर आणखी एक इंच. अशी फरशी साधारण साडेआठ किलोची होते आणि 50 किलोच्या गोणीत पस्तीसेक निघतात.

वरचं पाणी जिरलं, की तुकडे दाबून सपाट बसवा. गुळगुळीत टाइल पावसात घसरते, म्हणून निम्म्या भागातच तुकडे. बाकी भागावर खराटा ओढा. सागाच्या पानाची शिरांची बाजू दाबली तर ठसा सुंदर उठतो आणि पायही घसरत नाही. आमच्या एका ताईंना वाढवलेल्या बांगड्या लावायच्या होत्या. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी बांगड्यांच्या काचांच्या मूर्ती केल्या आहेत, पण मूर्तीवर कोणी अनवाणी चालत नाही. काचा तुळशीवृंदावनाला लावा.

दुसऱ्या दिवशी अलगद काढून सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट. निदान सात दिवस ते सुकू द्यायचं नाही. पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात, तोवर विकू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो. पाण्याची टंचाई असेल तर हे काम पावसाळ्यात शेडखाली करा.

बसवताना दोन इंच माती काढून, वाळू पसरून, फरशी जमिनीच्या किंचितच वर ठेवा. अंतर टेपने मोजू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला नेहमीसारखं चालायला सांगा आणि तिचं पाऊल पडेल तिथे खूण करा.