देवमाशाचे दर्शन आणि नावाड्याची भाकरी

बोटीत बसून देवमासा पाहावयास जावे आणि त्या तिकिटाच्या पैशातून देवमाशाचेच रक्षण व्हावे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास थोडी चैनीची वाटते. ज्यांच्या खिशात पैसा आणि हाताशी वेळ आहे त्यांनी समुद्रावर हवा खावी, छायाचित्रे काढावीत आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यावे, असा हा प्रकार दिसतो. परंतु आम्ही कामगार चळवळीत वाढलेले लोक. कोणताही धंदा समोर आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात घाम कोणाचा आणि मालकी कोणाची? हाच प्रश्न न्यूझीलंडमधील काइकोरा या गावाला विचारला असता जे उत्तर मिळते, ते आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

काइकोरा हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन-अडीच हजार वस्तीचे गाव. माओरी भाषेत ‘काइ’ म्हणजे खाणे आणि ‘कोउरा’ म्हणजे शेवंड. आमच्या कोळीवाड्यातील माणसाला या नावाचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही! सामान्यतः किनाऱ्यापासून समुद्राचा तळ हळूहळू उतरत जातो. येथे मात्र किनाऱ्यालगतच पाण्याखाली एक प्रचंड दरी सुरू होते आणि थोड्याच अंतरावर पाणी हजार मीटरहून खोल जाते. सह्याद्रीचा एखादा कडा समुद्रात बुडवून ठेवावा, तसे हे दृश्य तळाशी असले पाहिजे. दक्षिणेकडील थंड आणि उत्तरेकडील उबदार पाणी येथे एकत्र येते, तळाचे पोषक द्रव्य वर उचलले जाते, आणि त्यावर सूक्ष्म जीवांपासून म्हाकूल व मोठ्या माशांपर्यंत सारी साखळी जगते. म्हणूनच स्पर्म व्हेल या जातीचे नर देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ वर्षभर आढळतात.

देवमासा आपण म्हणतो खरे, पण तो मासा नव्हे. तो उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. स्पर्म व्हेल पृष्ठभागावर दहाएक मिनिटे श्वास भरून घेतो आणि मग शेपूट उंच उचलून पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, खोल अंधारात भक्ष्य शोधतो. तेथे डोळ्यांचा उपयोग नाही. तो टकटक असा आवाज काढतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य ओळखतो. म्हणजे वरची दहा मिनिटे ही त्याची विश्रांतीची सुट्टी होय. सुट्टीत कोणी त्रास दिला तर काय होते, हे गिरणीतल्या माणसाला ठाऊक आहे.

या गावाची जुनी कमाई देवमाशाच्या मरणावर होती. १८४२ साली रॉबर्ट फाइफ याने येथे देवमासे मारून तेल काढण्याचे ठाणे घातले. त्या काळचे एक घर आजही उभे आहे आणि त्याच्या पायाचे काही खांब देवमाशाच्या मणक्यांचे आहेत. न्यूझीलंडमधील देवमाशांची शिकार १९६४ साली थांबली. १९७८ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला.

पुढे १९८०च्या दशकात त्या देशाच्या रेल्वेची पुनर्रचना झाली. पुनर्रचना हा शब्द ऐकला की आम्ही लगेच विचारतो, किती जण घरी बसले? काइकोरात रेल्वे हा रोजगाराचा मोठा आधार होता आणि त्याचा सर्वांत कठोर घाव माओरी कुटुंबांवर बसला. बिल सॉलोमन यांच्यासारख्या काती कुरी लोकांच्या पुढाऱ्यांनी १९८७ साली निराळा मार्ग धरला. त्यांच्या परंपरेत पाइकेआ नावाचा पूर्वज देवमाशाच्या पाठीवर बसून या भूमीवर आला. त्या देवमाशानेच पुन्हा आपल्याला तारावे, असा त्यांचा विचार होता. काही कुटुंबांनी राहती घरे गहाण टाकून कर्ज काढले आणि आठ उतारू बसतील एवढी एक हवेने फुगवलेली बोट घेतली. आज तोच व्यवसाय मोठ्या दुहेरी सांगाड्याच्या बोटी चालवतो, आणि त्याची मालकी माओरी लोकांकडेच आहे. त्यांचे तिकीटघर रेल्वे स्थानकातच आहे, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. ज्या रेल्वेने कामावरून कमी केले, तिच्याच फलाटाशी कामाला लागण्याची जागा निघाली.

सहलीची रीत साधी आहे. उतारूंना प्रथम सूचना दिल्या जातात आणि मग बसने धक्क्यावर नेले जाते. मग बोट समुद्रात जाते. ठिकठिकाणी थांबून चालक पाण्यात एक ध्वनिग्राहक सोडतो आणि टकटक ऐकतो. आवाज थांबला की देवमासा वर येत आहे असे समजावे. बोटीवरचा मार्गदर्शक तेवढ्या वेळात दरी, प्रवाह आणि प्राणी यांची माहिती सांगतो. देवमासा दिसलाच नाही, तर तिकिटाचे ८० टक्के पैसे परत मिळतात. या नियमाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. दर्शन घडवले नाही तर भांडण होईल, ही धास्ती त्यामुळे चालकाच्या मानेवरून उतरते, आणि दिसेल त्या प्राण्यामागे धावण्याचे कारण उरत नाही.

यावर १९९२च्या सरकारी नियमांचा लगाम आहे. परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. देवमाशाच्या ५० मीटरच्या आत बोट न्यावयाची नाही. ३०० मीटरच्या टापूत एका वेळी तीनहून अधिक वाहने नकोत, आणि त्यात बोटींबरोबर विमानेही धरली जातात. जाताना बाजूने व थोडे मागून, सावकाश जावे. वाट अडवू नये, गोंगाट करू नये. नियम सर्वांना सारखा, म्हणून पाळणारा तोट्यात जात नाही. एकटा पाळतो आणि शेजारी मोडतो, अशी स्थिती आली की प्रामाणिक माणूसच आधी उपाशी मरतो.

पैसा आणि रक्षण यांची सांगड कशी पडते, तेही पाहू. २००५ साली तेथील माओरी, मच्छीमार, पर्यटन व्यवसायातील लोक आणि निसर्गरक्षक एका मेजाभोवती बसले. आम्ही अनेक वाटाघाटी पाहिल्या आहेत. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या माणसांनी वर्षानुवर्षे न उठता बसून राहणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. त्यातून २०१४ साली काइकोराच्या समुद्राचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने सागरी राखीव क्षेत्र दिले, देवमाशांसाठी अभयक्षेत्र दिले आणि समुद्रतळाच्या तपासणीसाठी केल्या जाणाऱ्या प्रचंड आवाजांवर निर्बंध घातले. समुद्र जिवंत राहण्यात ज्यांची भाकरी होती, ते त्या मेजाशी होते, म्हणून हे घडले.

याचा अर्थ तेथे सारे मंगल झाले असा नव्हे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्राचा तळ वर उचलला गेला, धक्का उथळ झाला, रस्ता व रेल्वे तुटली. पाण्याखालच्या दरीतील गाळ वाहून गेला, आणि त्यानंतर सुमारे वर्षभर देवमाशांची भक्ष्य शोधण्याची रीत बदललेली ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांना आढळली. शेपटीच्या कडांवरून एकेक देवमासा ओळखून १९९० पासून ठेवलेल्या नोंदींत, उन्हाळ्यात येणाऱ्यांची संख्या घटल्याचेही दिसून आले. तिकीट विकल्याने समुद्र वाचतोच असे नाही. समुद्र वाचला तर मात्र तिकीट विकता येते.

आता आपल्या दाराशी येऊ. हर्णै, मुरूड, तारकर्ली येथे डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या निघतात. देवमासे व डॉल्फिन यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण दिले आहे. पण होडीत बसलेला आमचाच माणूस ओरडतो, ‘अरे, अजून जवळ घे!’ नावाड्याची मजुरी फेऱ्यांवर आणि बक्षिशीवर अवलंबून असेल, तर तो जवळ घेणारच. आधी पोटोबा, मग विठोबा, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये.

तेव्हा या सुट्टीत जे कोणी समुद्रावर जातील, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. होडीत पाय ठेवण्यापूर्वी होडी कोणाची, हे विचारा. किती अंतर ठेवणार, हेही विचारा. ‘डॉल्फिन दिसला नाही तरी ठरलेले भाडे देऊ, पाठलाग करू नका,’ असे निघतानाच सांगा. शांत राहणाऱ्या आणि अंतर राखणाऱ्या नावाड्याला दुप्पट दुवा द्या, आणि जमल्यास चार पैसे अधिक द्या. नावाड्याची भाकरी आणि देवमाशाचा श्वास एकाच दोरीने बांधलेले आहेत, आणि त्या दोरीचे एक टोक उतारूच्या हातात असते.