पायवाटेचा हक्क

मंडळी, इंग्लंडमधली 'पेनाइन वे' ही पायवाट एका पबपासून सुरू होते आणि दुसऱ्या पबपाशी संपते. ईडेल गावातलं 'ओल्ड नॅग्ज हेड' ते थेट स्कॉटलंडच्या हद्दीतलं 'बॉर्डर हॉटेल'. अंतर सुमारे 430 किलोमीटर. मध्येच ओसाड माळावर, 528 मीटर उंचीवर 'टॅन हिल इन' लागतं. ब्रिटनमधला हा सर्वांत उंचावरचा पब.

आता प्रश्न असा, की ही वाट बरीचशी खासगी जमिनीतून जाते, मग लोकांना चालू कसं देतात?

तर हा हक्क भांडून मिळालाय. पूर्वी हे डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेले असत. ईडेलजवळच्याच किंडर स्काउटवर 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो लोक बंदी मोडून चढले. बरेचसे तरुण कामगार होते. पाच जणांना तुरुंगवास झाला. 1935 मध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने लांब पायवाटेची कल्पना मांडली, 1949 मध्ये कायदा झाला आणि 1965 मध्ये वाट खुली झाली. म्हणजे कल्पनेपासून तीस वर्षं!

यातलं तत्त्व साधं आहे बघा. जमीन मालकाचीच राहते, वाटेवरून चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा. म्हणूनच चालणाऱ्यानेही शेताचं फाटक उघडलं, तर ते लावूनच पुढे जायचं.