मुखातील जिवाणू व मानवी पेशी : प्रयोगशाळेतील प्रतिमान

मोलगीसारख्या सातपुड्यातील गावात कडुनिंबाच्या दातवणाने हिरड्या खरोखर निरोगी राहतात का, हे कसे तपासाल? पहिली पायरी म्हणजे प्रतिमान. बशीत हिरडीच्या पेशींचा एक थर वाढवतात. ३७ अंश सेल्सिअस तापमानात त्यावर ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हे हिरडीच्या रोगाशी निगडित जिवाणू सोडून किती चिकटले, किती पेशींत शिरले, हे मोजतात. पेशींना प्राणवायू हवा, या जिवाणूंना तो घातक. म्हणून असे निरीक्षण बहुधा काही तासांचेच असते. शिवाय बशीत लाळेचा प्रवाह नसतो, रक्तातील संरक्षक पेशीही नसतात. म्हणून बशीत जिवाणू मारणारा अर्क तोंडातही गुणकारी ठरेलच, असे नाही. प्रतिमान शक्यता दाखवते. निर्णय माणसांवरील अभ्यासानेच होतो.